शाहूवाडीच्या माळावर कोळी मोजताना

शनिवार

जेवणाआधी हात धुवायला परसात गेलो आणि घेवड्याच्या वेलाला दिलेल्या काठीवर मला माझंच अक्षर दिसलं. ४१. शेजारच्या काठीवर ११७. पुढच्यावर ८. लाल रंगाची काठी, वर पत्र्याचा तुकडा, आणि चारचा आकडा मी जसा वरून उघडा काढतो तसाच काढलेला. ओंजळीतलं पाणी तसंच गळून गेलं. मी सुनंदाला हाक मारली. ती आली, तिने बघितलं आणि ती कोंबड्यांच्या खुराड्यावर मटकन बसली. खुराड्याच्या दाराला आडणा म्हणून लावलेली काठीही माझीच होती. ९२.

हे आकडे तिथे कसे पोहोचले ते कळण्यासाठी आम्ही तिथे कशाला गेलो होतो ते आधी सांगायला हवं.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासतो. सव्वीस वर्षं झाली. सुनंदा, माझी बायको, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तिने पीएचडी करायची ठरवली, तेव्हा मला वाटलं मधुमेहावर वगैरे काहीतरी करेल. तिने कोळी निवडला. तोही घराच्या कोपऱ्यात जाळं करणारा नाही. माळावर, गवताच्या मुळाशी, जमिनीत बोटभर जाडीचं उभं बीळ करून राहणारा. हा जाळं विणत नाही. बिळाच्या तोंडाशी दबा धरून बसतो आणि किडा जवळून गेला की धावून धरतो. म्हणून या जातकुळीला लांडगा कोळी म्हणतात. शाहूवाडी तालुक्यातल्या डोंगरावरच्या या कोळ्याची नेमकी जात अजून पक्की व्हायची आहे, त्यामुळे मीही ती इथे लिहीत नाही.

सुनंदाचा प्रश्न साधा आहे. दर वर्षी शिमग्यानंतर गावकरी माळावरचं वाळलेलं गवत पेटवतात. जुनं जळालं की पावसात नवं जोमाने येतं, गुरांना चांगलं असतं, असं ते मानतात. त्या आगीत या कोळ्यांचं काय होतं? म्हणजे आगीआधी मोजायचे आणि आगीनंतर मोजायचे. पहिल्या वर्षी ती आजारी पडली. दुसऱ्या वर्षी ती पोहोचायच्या आधीच माळ जळून गेला होता. हे तिसरं वर्ष. पुढच्या वर्षी कॉलेज रजा देणार नाही, हे तिला स्पष्ट सांगितलेलं होतं. हे वर्ष हुकलं तर काम संपलं.

नोव्हेंबरात ती आणि तिची एक सहकारी मलकापुरात दोन दिवस राहिल्या आणि माळावर पन्नास मीटर लांब, पन्नास मीटर रुंद असा चौकोन आखून त्यातल्या प्रत्येक बिळाशेजारी त्यांनी काठी रोवली. एकशे चौऱ्याऐंशी बिळं, एकशे चौऱ्याऐंशी काठ्या. त्या काठ्या मी केल्या होत्या. सुनंदाला वीतभर काड्या पुरे होत्या. मी म्हणालो, लांबून दिसल्या पाहिजेत, नाहीतर पुन्हा सापडणार नाहीत. मी कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, दोन-दोन फुटी काठ्या तासल्या, त्यांना लाल ऑइलपेंट दिला, पत्रे कापले, आकडे रंगवले. चार रविवार गेले. फार समाधान वाटलं होतं.

या खेपेला तिची सहकारी येऊ शकली नाही म्हणून मी गेलो. एसटीने मलकापूर, तिथून वडापच्या जीपने डोंगराखालच्या या गावी. उतरलो ते सुनंदाच्या शालनमावशीकडे. मावशी तिच्या आईची चुलत बहीण, साठीची, एकटी राहते, दोन म्हशी आहेत. जय भीम झाला, गूळपाणी झालं, जावयाने पाटावरच बसलं पाहिजे असा हट्ट झाला, आणि मग मी हात धुवायला परसात गेलो.

"अगं बया," मावशी परसात येत म्हणाली, "ह्या काठ्या तुझ्या व्हय?"

"माझ्या. ह्यांनी केलेल्या."

"म्हंजे नव्हंबरात तू हितं येऊन गेलीस? डोंगराला भेटून गेलीस आन् मावशीला न्हाय?"

 मग मावशीने सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वी पलीकडच्या डोंगरावर अशीच माणसं आली होती. अशाच लाल खुंट्या, असेच नंबर. कुणी विचारलं नाही. दोन वर्षांत तिथली लाल माती ट्रकात भरून गेली आणि माळाच्या जागी खड्डा राहिला. त्यामुळे डिसेंबरात गुराख्यांना आपल्या माळावर लाल खुंट्या दिसल्या तेव्हा अख्खं गाव वर गेलं आणि तासाभरात सगळ्या उपटून खाली आणल्या.

"देवळाम्होरं ढीग घातला," मावशी म्हणाली. "जाळणार हुतं. पर दौलूनाना म्हणालं, कळक चांगला हाय, वाया कशाला घालवायचा. घरटी चार वाटल्या."

गावात घरं शेहेचाळीस. शेहेचाळीस चोक एकशे चौऱ्याऐंशी. एकही काठी कमी-जास्त नव्हती. एवढा चोख हिशेब बघून एरवी मला आनंद झाला असता.

"आन् आता सोमवारी माळ लावणार हाईत," मावशी पुढे म्हणाली.

"सोमवारी?" सुनंदा उठून उभी राहिली. "शिमग्याला अजून तीन आठवडे आहेत मावशी!"

"औंदा आदी लावायचं ठरलंय. गवात जळलं की खुंट्या लांबनं दिसत्यात. परत कोण आलं तर लगी कळतंय."

लांबून दिसाव्यात. हे माझेच शब्द होते. सुनंदाने माझ्याकडे नुसतं बघितलं. बावीस वर्षांच्या संसारात तिने असं दोन-तीनदाच बघितलं असेल.

जेवण मात्र मी लाजेकाजेस्तव नव्हे, भुकेने जेवलो. नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि वर लसणाची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या" म्हणतात, तो "नको" म्हणतो आणि विषय मिटतो. इथे "नको" ऐकूच येत नाही. ताटावर आडवा हात धरला तर मावशीने हातावर भाकरी ठेवली.

साडेतीनला आम्ही वर निघालो. चढ चाळीस मिनिटांचा. वर पोहोचल्यावर एकदम सपाटी लागते आणि कमरेएवढं वाळलेलं गवत, पार कड्यापर्यंत. झाड औषधालाही नाही. वारा आला की सगळा माळ एका बाजूला झुकायचा आणि सळसळ कड्यावरून खाली जायची. सुनंदाने चार कोपऱ्यांचे दगड शोधून काढले. ते दगड कुणी हलवले नव्हते.

मग तिने मला पहिला कोळी दाखवला. दाखवला म्हणजे काय, आधी ती जमिनीवर पोटावर पालथी झाली. कॉलेजात इस्त्रीची साडी नेसून जाणारी बाई. गवताची एक काडी घेऊन तिने बिळाच्या तोंडाशी अगदी हळू हलवली. बिळाच्या कडेने गवताचे तुकडे आणि कोळीधागा यांची एक नीटस कड होती, विहिरीच्या कठड्यासारखी. तीनदा काडी हलली. चौथ्यांदा आतून काहीतरी आलं, काडी धरली आणि मी मागे उडालो. मातीच्या रंगाचा, पायांसकट माझ्या तळहाताच्या निम्मा.

"चावतो?"

"तुम्ही त्याच्या घरात बोट घातलं तर चावेल. मरत नाही कुणी. ओरडू नका."

उजेडात आम्ही दोघांनी मिळून दोन तास शोधलं. एकसष्ट बिळं सापडली. काठ्यांशिवाय बाकीची शोधणं अशक्य होतं. सुनंदाच्या कपाळावर धूळ आणि घाम यांचा थर झाला होता. ती म्हणाली, "अंधार पडू दे."

सव्वासातला तिने मला डोक्यावरची बॅटरी डोळ्यांच्या अगदी जवळ, भुवयांच्या मध्ये धरायला सांगितली आणि म्हणाली, "आता जमिनीकडे बघा."

मी बघितलं. गवतभर हिरवट-निळ्या ठिणग्या होत्या. आधी दव वाटलं. दव असेल तर हालणार नाही. यातली एक ठिणगी हलली, थांबली, विझली, पुन्हा लागली. या कोळ्याच्या डोळ्यांत मांजरासारखा उजेड परततो, हे तिने मला घरी सांगितलं होतं. सांगितलेलं आणि दिसलेलं यात किती अंतर असतं! माझ्या बुटापासून हातभर अंतरावर तीन होत्या. दोन तास आम्ही यांच्या अंगावरून चालत होतो.

मग एक मोठी ठिणगी दिसली आणि तिच्याभोवती मोहरीएवढ्या बारीक ठिणग्यांचा चुरा. मी वाकलो. ती मादी होती आणि तिच्या पाठीवर पिल्लं होती. थरावर थर, एकमेकांना धरून बसलेली. पाठ दिसतच नव्हती. सुनंदाने काढलेल्या फोटोवरून मी नंतर मोजली, एकशे बारा.

"ही अजून आठ-दहा दिवस आईच्या पाठीवर असतात," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "मग उतरून पांगतात. शिमग्यानंतर आग लागते तेव्हा पांगलेली असतात. सोमवारी सगळी पाठीवर असणार."

मग आम्ही खाली उतरू लागलो. मी प्रत्येक पाऊल टाकण्याआधी जमीन बघत होतो, त्यामुळे चाळीस मिनिटांची वाट सत्तर मिनिटांत उतरलो.

रविवार

सकाळी देवळासमोर गेलो. आम्ही जाण्याआधी बातमी गेली होती. वीस-बावीस माणसं जमली होती. दौलूनाना पारावर बसले होते. सत्तरीचे, काटक, गळ्यात तुळशीमाळ. माळाला पहिली काडी लावायचा मान त्यांच्या घराण्याचा आणि गेली पंचेचाळीस वर्षं ती त्यांनी लावली आहे.

"या पावणं," ते मोठ्याने म्हणाले. "खुंट्या परत न्यायला आलासा?"

सगळे हसले. मी म्हणालो, "नाही. त्या वेलांना शोभतात." हे बोलून गेलो आणि थोडं बरं वाटलं.

सुनंदा मात्र सरळ मुद्द्यावर आली. "नाना, मी तालुक्याच्या कचेरीतून कागद घेतला आणि गावाला विचारलं नाही. चूक माझी आहे. आधी तुमच्याकडे यायला हवं होतं."

"आन् तांबडा रंग?" मागून एकाने विचारलं.

"तो माझा," मी म्हणालो. "तिने नको म्हटलं होतं."

"बायकूचं ऐकत न्हाईसा म्हंजे!" परत हशा. मावशी बायकांच्या घोळक्यातून ओरडली, "जावई हाय माझा, लई बोलू नगासा!"

मग सुनंदाने कोळ्यांचं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. एक बाई म्हणाली, "कोळ्यासाठी कोल्लापुरास्नं? आमच्या माळ्यावर लई हाईत, घेऊन जावा की!" पण बापू नावाचा एक पस्तिशीतला माणूस हसत नव्हता. त्याच्या बारा म्हशी आहेत. तो उभा राहिला.

"म्याडम, तुमचं खरं असंल. पर आज तुम्ही कोळी मोजणार. उद्या पुस्तकात लिवणार, ह्या गावात लई दुर्मीळ कोळी हाय. परवा कोण तर येऊन बोर्ड लावणार, गुरं चारायला बंदी. मग आमच्या म्हशींनी काय तुमची पुस्तकं खायाची?"

 त्या माणसाचं म्हणणं ऐकून मी हबकलो. आदल्या दिवसापासून मी गावाच्या अडाणीपणामुळे सुनंदाचं वर्ष बुडणार असं मनात धरून होतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही काठ्या उपटल्या असत्या.

सुनंदा पारापाशी गेली. मग म्हणाली, "गावाचं नाव मी कुठेही लिहिणार नाही. नकाशाही छापणार नाही. आणि मी माळ पेटवू नका असं म्हणतच नाही. निम्मा चौकोन ठेवा, निम्मा जाळा. आगीने काय होतं तेच मला बघायचंय."

हे मला नवीन होतं. मला वाटलं होतं ती सगळा माळ वाचवा म्हणेल. पिल्लं बघून तिचा बसलेला आवाज मी ऐकला होता. मी तिच्याकडे बघतच राहिलो. (या लिखाणात गावाचं नाव नाही ते याच शब्दामुळे.)

दौलूनाना उठले. "आदी मी बगतो. मग सांगतो."

ते संध्याकाळी आमच्याबरोबर वर आले. वाटेत मी त्यांना माझी पद्धत सांगितली. रक्तातल्या लाल पेशी मोजायच्या काचेवर पंचवीस चौकोन असतात. चार कोपऱ्यांतले आणि मधला, असे पाच मोजायचे आणि पाचाने गुणायचं. आता मशीन मोजतं, पण मशीनची शंका आली की मी अजून काचेवरच मोजतो. माळावरही शनिवारी उजेड होता तेव्हाच आम्ही सुतळीने पंचवीस चौकोन पाडले होते. आदल्या संध्याकाळी खाली उतरण्याआधी पाच चौकोन मी मोजले होते. ११, १७, १४, ९, २३. बेरीज ७४. गुणिले पाच, ३७०.

"रक्त मोजण्याआधी तुम्ही हलवता," सुनंदा पुढून म्हणाली. "कोळी कुणी हलवलेले नाहीत. ते त्यांना पाहिजे तिथे बसतात. पंचवीसच्या पंचवीस मोजायचे."

"पावणं," नाना म्हणाले, "आज पन बायकूचं ऐका."

ऐकलं. अंधार पडल्यावर पंचवीस चौकोन मोजायला दोन तास दहा मिनिटं लागली. ३३१. म्हणजे माझी पद्धत एकोणचाळीसने चुकली, जवळजवळ बारा टक्के. लॅबमध्ये अशी चूक झाली असती तर डॉक्टरांनी मला उभं केलं असतं.

नानांनी सुरुवातीला बॅटरी घेतली नाही. "मला ह्यो माळ अंधारात पाठ हाय," म्हणाले. अकराव्या चौकोनाशी सुनंदाने स्वतःची बॅटरी काढून त्यांच्या कपाळाला बांधली. ते उभे राहिले. किती वेळ उभे राहिले ते मी मोजलं नाही. मग त्यांनी मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवली.

"ही सगळी…?"

"सगळी."

"आन् ही बारकी?"

"तिची पोरं. पाठीवर घेतलीत."

ते खाली बसले. चपला काढून हातात घेतल्या. मग म्हणाले, "पंचेचाळीस वर्सं पेटवतोय की मी. कवा बगिटलंच न्हाय. पेटवायचं आन् खाली पळायचं. वर कोण ऱ्हातंय बगायला?"

सोमवार

सकाळी नानांनी देवळासमोर दोनच वाक्यं सांगितली. माळ आज लागणार. मास्तरीणबाईंच्या चौकोनातले पंधरा खण सोडायचे आणि त्यांच्याभोवती गवत कापून आठ हात पट्टा मोकळा करायचा. बापूने विचारलं, "का पर?" नाना म्हणाले, "तू रातचं वर जाऊन ये, मग मला इचार."

बापू वर गेलेला नव्हता, पण विळा घेऊन आला. बाकी नऊ जण आले. मीही कापलं. माझा वेग त्यांच्या एक-पंचमांश होता आणि दोन वाजता मला ताठ उभं राहता येईना. बापूने माझ्या हातून विळा काढून घेतला. "पावणं, तुम्ही मोजा. कापायचं आमी बगतो."

जाळायच्या दहा चौकोनांत आदल्या रात्री १२८ कोळी होते, ठेवायच्या पंधरांत २०३. हे मी वहीत दोनदा तपासलं, कारण आता बदलता येणार नव्हतं.

साडेचारला वारं पडलं. नानांनी नारळ फोडला, गवताची पेंढी पेटवली आणि कडेकडेने चालत गेले. आग लागते म्हणजे काय हे मी पहिल्यांदा बघितलं. आधी नुसता कडकड आवाज. मग धूर. मग एक भिंत, माणसापेक्षा उंच, आणि तिच्यापुढे नाकतोडे उडत येत होते, शेकड्यांनी, आमच्या तोंडावर आपटत होते. धुराच्या कडेला घारी आल्या होत्या आणि ते नाकतोडे वरच्या वर टिपत होत्या. मला रडू येईल असं वाटलं, पण धुराने आधीच पाणी येत होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

आग पट्ट्यापाशी येऊन बसली. आम्ही श्वास सोडला. तेवढ्यात खालच्या कोपऱ्याकडून झुळूक आली, एक जळता गुच्छ उडाला आणि पट्ट्याच्या अलीकडे पडला.

"फांदी मारा! फांदी!" नाना ओरडले.

करवंदीच्या ओल्या फांद्या चढाच्या वाटेवरून तोडून आणून ठेवल्या होत्या. बापू आणि नाना धावले. माझ्या आधी सुनंदा धावली. ओढणी कमरेला बांधून ती गुडघ्यावर बसून जमीन बडवत होती आणि तोंडाने बापूला शिव्या देत होती, की तो कोपऱ्याऐवजी मध्ये मारत होता. तिला शिव्या येतात हे मला माहीत नव्हतं. बापूलाही धक्का बसला असावा, कारण तो निमूटपणे कोपऱ्यात गेला. सहा मिनिटांत विझलं. ठेवलेल्या भागातला जळालेला तुकडा मी टेपने मोजला, चार मीटर बाय अडीच. नानांच्या धोतराचा काठ जळाला होता. सुनंदाच्या उजव्या भुवईचे केस गेले होते.

वीस मिनिटांत बाकीचा माळ काळा झाला. सूर्य अजून वर होता.

थोडं निवल्यावर मी लॅबमधून आणलेला थर्मामीटर जळालेल्या जमिनीत चार बोटं खोल खुपसला. चौतीस अंश. न जळालेल्या जमिनीत एकोणतीस. पुन्हा खुपसला, दुसऱ्या जागी. तेहतीस. वर राखेला हात लावता येत नव्हता आणि चार बोटं खाली तापाच्या रोग्याच्या अंगापेक्षाही थंड होतं. आकडा सुनंदाला सांगितला तेव्हा तिने तो माझ्याकडून तीनदा वदवून घेतला.

"म्हणजे जे खाली होते ते वाचले?" मी विचारलं.

"अंधार पडल्यावर कळेल. आणि जे दिसणार नाहीत ते मेलेच असंही म्हणायचं नाही. काही खाली असतील."

सव्वासातला आम्ही तिघं काळ्या भागात शिरलो. सुनंदा पुढे, मग मी, मागे नाना. पहिला चौकोन. चार. काल तिथे सोळा होते. दुसरा. शून्य. मी बॅटरी दोनदा फिरवली. शून्य. तिसरा, सात. चौथा, तीन. पाचवा, शून्य. सहावा, पाच. सहा चौकोनांत काल ७९ होते, आज १९. मी मोठ्याने सांगत होतो आणि प्रत्येक आकड्यानंतर मागे नानांचा श्वास ऐकू येत होता. शून्य म्हटलं की तो थांबायचा.

सातव्या चौकोनाची सुतळी जळून गेली होती, कोपऱ्याच्या दगडावरून मी अंदाज घेतला आणि पाय उचलला.

"थांबा," सुनंदा म्हणाली. "हलू नका."

माझ्या उचललेल्या पायाखाली एक मोठी ठिणगी होती आणि तिच्याभोवती बारीक चुरा. ती बिळातून वर आली होती. पाठीवर सगळी होती. माझा तोल जाऊ लागला. मागून नानांनी माझा दंड धरला. त्यांची पकड सुटत नव्हती.

"आलासा तितंच मागं ठेवा," ते कुजबुजले. "सावकाश. माझ्या हातावर भार टाका."

मी पाय माझ्याच ठशात मागे ठेवला. ती निघाली. राखेतून वाट काढत, दोन बोटं चालायची आणि थांबायची. पुढे राखेपलीकडे आठ हातांचा कापलेला पट्टा होता आणि त्यापलीकडे उभं गवत. तिला ते दिसत होतं की वास येत होता, मला सांगता येणार नाही. एकदा एक पिल्लू घसरून राखेत पडलं. ती थांबली. पिल्लू तिच्या मागच्या पायावरून चढून परत पाठीवर गेलं. नानांच्या तोंडून "आई गं" असं अगदी बारीक निघालं.

आम्ही तिघं खांबासारखे उभे होतो. ती पट्टा ओलांडून गवतात शिरली तेव्हा ठिणगी दिसेनाशी झाली. एकोणीस मिनिटं लागली होती. मग मागून आणखी एक निघाली, तशीच भरलेली, आणि तिच्या डावीकडे तिसरी. आम्ही आलो त्याच ठशांवरून उलटे बाहेर आलो. आठवा, नववा आणि दहावा चौकोन लांबून वळसा घालून मोजले.

तक्ता मी तिथेच दगडावर बसून भरला. सातव्यापाशी हात थांबला. शून्य लिहिणं खोटं झालं असतं. तीन लिहिणंही खोटं, कारण तिघी जाताना दिसल्या, मोजणी झालीच नव्हती. सुनंदा म्हणाली, मोकळा ठेवा, पण कारण लिहा, परीक्षक विचारतील. मी तिथे आडवी रेघ मारली आणि काय कारण लिहायचं म्हणून पेन धरून बसलो.

दौलूनाना पट्ट्याच्या कडेला उकिडवे बसून गवताकडे बघत होते. तिथूनच म्हणाले, "लिवा की पावणं. वाट दिली."